विशेष शिक्षक व्हायचंय? खान्देशात हे काम कसं असतं, काय शिकावं लागतं, सुरुवात कुठून करायची

मे-जून आला की शिरपूर, अमळनेर, शहादा, भुसावळकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात, ताई साधं बीएड करू का स्पेशल बीएड करू, नोकरी कशात लवकर लागते. नोकरीचं सांगतेच पुढे, पण आधी काम काय आहे ते समजून घ्या, कारण फॉर्म भरताना हे कोणी सांगत नाही आणि मग दोन वर्षं शिकून पोरं वर्गात आल्यावर गांगरतात. मी हे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. इथे घरात अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिल्ली, पावरी आणि शाळेत पुस्तकी मराठी, हा फरक आपल्या कामात पदोपदी आडवा येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला त्याच्या घरच्या भाषेत आणि घरच्या कामात बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल कागदावर एक ओळ पण लिहायची नाही. हे पटलं तरच पुढचं वाचा.

काम नेमकं काय

विशेष शिक्षक म्हणजे डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही आणि सांभाळणारी बाई पण नाही. मुलाला काय झालंय याचं निदान करणं आपलं काम नाही, ते बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, कानाचे डॉक्टर करतात. आपलं काम त्याच्या पुढचं. हे मूल आज काय करू शकतं, त्याच्या पुढची सगळ्यात छोटी पायरी कोणती, ती शिकवायची कशी, आणि शिकलं की नाही हे कसं मोजायचं. यात लिहिणं-वाचणं येतं तसंच शर्टाची बटणं लावणं, संडासला जायचंय हे सांगता येणं, दुकानातून सामान आणणं पण येतं. नव्या शिक्षकांना बटणं लावायला शिकवणं कमीपणाचं वाटतं पण ज्या आईला बारा वर्षांच्या मुलाचे कपडे रोज घालून द्यावे लागतात तिला विचारा त्याची किंमत.

आपल्याकडे हे काम साधारण चार ठिकाणी मिळतं. एक म्हणजे विशेष शाळा, ज्यांना गावात अजून मतिमंद शाळा, मूकबधिर शाळा म्हणतात. बऱ्याचशा संस्थांच्या आहेत, काही अनुदानित काही विनाअनुदानित, आणि त्या दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात, जो २०२२ च्या डिसेंबरमध्ये सामाजिक न्यायमधून वेगळा झाला. दुसरं म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं समावेशित शिक्षण, तिथे विशेष शिक्षक एका शाळेत बसत नाही, केंद्रातल्या, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या एका गटातल्या, जिल्हा परिषद शाळांमध्ये फिरतो, साध्या वर्गात बसणाऱ्या दिव्यांग मुलांना मदत करतो आणि जी मुलं अंथरुणातून उठूच शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवतो. तिसरं, सीबीएसईच्या शाळा, त्यांना स्पेशल एज्युकेटर ठेवणं बोर्डाने सक्तीचं केलंय. चौथं खासगी थेरपी सेंटर, ती जळगाव-धुळ्यात वाढतायत, तिथे पगार आणि कामाचे तास दोन्ही आधी लेखी घ्या.

पहिली पायरी: कोर्स

नियम भारतीय पुनर्वास परिषद ठरवते, सगळे तिला आरसीआय म्हणतात. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद. तिने मान्य केलेला कोर्स केला तरच तुम्ही विशेष शिक्षक, बाकी कोणी कितीही छान सर्टिफिकेट छापून दिलं तरी नाही. साधं डीएड किंवा साधं बीएड यावर आरसीआयची नोंदणी होत नाही, हे खूप जणांना उशिरा कळतं.

बारावीला ५० टक्के असतील तर स्पेशल डीएड, दोन वर्षं. ग्रॅज्युएशनला ५० टक्के असतील तर स्पेशल बीएड, ते पण दोन वर्षं. राखीव प्रवर्गाला शासनाच्या नियमाप्रमाणे सवलत आहे. महाराष्ट्रात बीएडची जी सीईटी होते ती जनरल आणि स्पेशल दोन्हीची एकच परीक्षा असते, त्यामुळे स्पेशलला जायचं असलं तरी सीईटीच्या तारखांवर लक्ष ठेवा, त्या गेल्या की वर्ष गेलं.

आता इथे थोडं थांबा. कॉलेज निवडताना परिषदेच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते ती उघडा आणि दोन गोष्टी बघा. त्या कॉलेजला कोणत्या दिव्यांगत्वाच्या कोर्सची मान्यता आहे, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे. मान्यता कायमची नसते, मुदतीची असते आणि कोर्सनिहाय असते, म्हणजे एखाद्या कॉलेजला श्रवणदोषाच्या कोर्सची असेल आणि ऑटिझमच्या कोर्सची नसेल असं होतं. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेताय ते वर्ष त्या मुदतीत बसलं पाहिजे. कॉलेजवाले म्हणतील येऊन जाईल मान्यता, प्रोसेसमध्ये आहे. यादीत दिसल्याशिवाय पैसे भरू नका. घरच्यांनी कापूस विकून आणलेले पैसे असतात ते.

दुसरी पायरी: कोणता विषय घ्यायचा

स्पेशल डीएड-बीएडला एक दिव्यांगत्व निवडावं लागतं. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बहुविकलांगता असे प्रकार आहेत, सगळे सगळीकडे मिळत नाहीत. जवळच्या कॉलेजात जे मिळालं ते घेतलं असंच बहुतेकांचं होतं. तसं होऊ द्यायचं नसेल तर प्रवेशाआधी एक आठवडा तरी जवळच्या विशेष शाळेत जाऊन बसा, मुख्याध्यापकांना विनंती केली तर बहुतेक जण बसू देतात. श्रवणदोष घेणार असाल तर खाणाखुणांची भाषा मनापासून शिकायची तयारी हवी, फक्त परीक्षेपुरती नाही. दृष्टिदोष घेतलं तर ब्रेल बोटांनी आणि डोळ्यांनी दोन्ही वाचता आलं पाहिजे. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझममध्ये प्रगती फार हळू दिसते, कधीकधी सहा महिन्यांत एक गोष्ट, ज्याला रोज निकाल हवा असतो त्याला ते झेपत नाही. समावेशित शिक्षणात जायचं डोक्यात असेल तर लक्षात घ्या, तुमचा विषय कोणताही असो, केंद्रात सगळ्या प्रकारची मुलं तुमच्याकडेच येणार.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. नव्या यादीत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, हे रक्ताचे आजार. सिकलसेलवर मी खाली वेगळं लिहिलंय कारण सातपुड्याच्या पट्ट्यात काम करायचं तर ते माहीत नसून चालणारच नाही.

तिसरी पायरी: नोंदणी

कोर्स पास झालात की आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालायचं, तो सीआरआर नंबर म्हणजे तुमचं लायसन्स. नोंदणी नसताना हे काम करणं कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी पाच वर्षांची असते आणि रिन्यू करताना १०० सीआरई पॉइंट दाखवावे लागतात, म्हणजे मान्यताप्राप्त कार्यशाळा, सेमिनार, ट्रेनिंग. हे पॉइंट शेवटच्या वर्षी गोळा करायला जाऊ नका, वर्षाला थोडे थोडे करा, आता बरेच कार्यक्रम ऑनलाइन पण असतात. नाव आणि जन्मतारीख मार्कशीट, आधार, अर्ज सगळीकडे एकसारखी आहे ना ते आधीच बघा, लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंचे अर्ज इथेच अडकतात.

नोकरीचं

किती दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा हे ठरवा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारला सांगितलं, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक असं ठरवलं. मार्च २०२५ मध्ये कोर्टाने पुन्हा सगळ्या राज्यांना पदं जाहीर करायला सांगितलं. आपल्या शासनाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शाळांच्या केंद्रांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदं करायचा निर्णय घेतला आणि वर्षानुवर्षं कंत्राटी राबलेल्या शिक्षकांना त्यात घ्यायचं ठरवलं. म्हणजे दिशा बरी आहे, पण फॉर्म भरला आणि ऑर्डर आली असं होत नाही.

संस्थेच्या शाळेत इंटरव्ह्यूला गेलात तर पद मंजूर आहे का, अनुदानित आहे का, वैयक्तिक मान्यता, म्हणजे तुमच्या नावाने नेमणुकीला शासनाची मंजुरी, कधीपर्यंत मिळेल हे तोंडावर विचारा आणि मंजुरीचं पत्र बघायला मागा. पुढे अनुदान येईल म्हणून आधी पैसे द्या असं कोणी म्हटलं तर उठून या. मी हे ठामपणे सांगतेय कारण अशा आशेवर तरणीताठी पोरं वर्षंच्या वर्षं फुकट राबलेली पाहिलीयत.

चौथी पायरी: मूल समजून घेणं

आता खरं काम. नवीन मूल आलं की पहिला महिना शिकवायची घाई करायची नाही. आधी फाइल बघा, जन्माच्या वेळी काय झालं, फिट येतात का, औषधं कोणती, ऐकू आणि दिसायची तपासणी झालीय का. कित्येक मुलं मंद म्हणून बसवलेली असतात आणि कान तपासले तर ऐकूच कमी येत असतं, त्यामुळे कान-डोळे तपासल्याशिवाय बुद्धीबद्दल कोणतंही मत बनवू नका.

मग चाचणी. आपल्याकडे एफएसीपी जास्त वापरतात, सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली चेकलिस्ट, त्यात पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक असे स्तर आहेत आणि एका स्तरातलं ८० टक्के जमलं की मूल पुढच्या स्तरात जातं. दुसरी एमडीपीएस, १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० बाबी, म्हणजे ३६०, सगळी वाक्यं मूल काय करू शकतं अशा पद्धतीने लिहिलेली. वर्तनाच्या अडचणी जास्त असतील तर बेसिक-एमआर. बुद्ध्यांकाच्या चाचण्या मानसतज्ज्ञांच्या, त्या आपण करायच्या नाहीत.

चाचणी हातात घेऊन पुस्तकी मराठीत प्रश्न विचारत सुटलं की काय होतं ते सांगते. रावेर-यावल भागातला एक मुलगा, अकरा वर्षांचा, आईवडील केळीच्या बागेत मजुरीला. शाळेत टेबलावर मणी ठेवून तीन मणी दे म्हटलं की मूठभर उचलून द्यायचा, त्यामुळे संख्याज्ञान नाही असं त्याच्या फाइलवर लिहिलेलं. त्याच्या घरी गेले तेव्हा संध्याकाळची वेळ होती, माय भाकरी टाकत होती आणि हा ताटं मांडत होता. आजी, बाबा, काका, दोन बहिणी, स्वतः. प्रत्येकाच्या जागेवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या नाही पण एक पेला. कमी नाही, जास्त नाही. काका त्या दिवशी बाहेरगावी होता, माय म्हणाली, काका नई शे आज, की लगेच एक ताट उचलून परत ठेवलं. ज्याला एकास एक जोडी लावता येते आणि एक वजा करता येतं त्याला संख्याज्ञान नाही कसं म्हणायचं? मणी आणि टेबल आणि आपली भाषा, तिन्ही त्याला परकी होती. तिथून पुढे त्याची गणिताची सगळी योजना ताट-वाटीवरून सुरू केली, आधी वाट्या देताना मायने आणि मी मोठ्याने मोजायचं, मग त्याने सोबत, मग वर्गात खिचडीच्या ताटल्या वाटायचं काम त्याच्याकडे.

म्हणून गृहभेट. जेवणाच्या वेळी किंवा आंघोळीच्या वेळी जा, पाहुणे म्हणून खुर्चीवर बसायला जाऊ नका. आजीला विचारा, आईला विचारा, लहान बहिणीला तर नक्की विचारा, तिला सगळ्यात जास्त माहीत असतं. काय आवडतं, कशाला घाबरतो, पाणी कसं मागतो, चिडला की कशाने शांत होतो. तुम्हाला अहिराणी किंवा पावरी येत नसेल तर येणारी अंगणवाडी ताई, सेविका, कोणी तरी सोबत न्या आणि मुलाचे वीस-पंचवीस रोजचे शब्द वहीत उतरवून आणा. आणि आईवडिलांना कृपा करून असं सांगू नका की घरी शुद्ध मराठीतच बोला म्हणजे मूल लवकर बोलेल. आई ज्या भाषेत माया करते त्याच भाषेत मूल बोलायला लागतं, ती बंद केली तर घरात त्याच्याशी बोलणंच कमी होतं.

पाचवी पायरी: आयईपी लिहिणं

आयईपी म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक योजना. आज मूल कुठे आहे, वर्षात कुठे न्यायचं, त्यासाठी तिमाहीची छोटी उद्दिष्टं, पद्धत, साहित्य, कोण शिकवणार, मोजणार कसं. तपासणीला अधिकारी आले की हाच कागद मागतात म्हणून पुष्कळ ठिकाणी एकाच्या आयईपीवरून दुसऱ्याचा उतरवलेला असतो. तसं करू नका, मुलाचं वर्ष जातं.

उद्दिष्ट असं लिहा की शेजारच्या बाईंनी वाचलं तरी झालं की नाही हे तिला सांगता येईल. "पैशांची ओळख होईल" याला काही अर्थ नाही. "गल्लीतल्या दुकानात जाऊन १० रुपयांची नोट देईल, बिस्किटाचा पुडा घेईल आणि घरी येईल, सोबतच्याने फक्त तोंडी आठवण दिली तर, पाचपैकी चार वेळा" हे उद्दिष्ट झालं. कोण, काय, कुठे, किती मदतीने, कितीदा.

मग त्याचे तुकडे पाडा. घरातून नोट मुठीत धरून निघणं, दुकानापर्यंत रस्त्याच्या कडेने जाणं, आपला नंबर येईपर्यंत उभं राहणं, वस्तूचं नाव सांगणं किंवा चित्र दाखवणं, नोट पुढे करणं, पुडा घेणं, परत येणं. काही मुलांना शेवटच्या तुकड्यापासून शिकवलं तर जास्त चांगलं जमतं, म्हणजे आधीचं सगळं आपण करायचं आणि पुडा हातात घेऊन घरी यायचं एवढंच त्याने करायचं, मग त्याच्या आधीचा तुकडा, मग त्याच्या आधीचा. प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद त्याला मिळतो म्हणून मूल टिकतं.

मदत पण मोजून द्यायची. आधी हात धरून, मग हाताला नुसता स्पर्श, मग बोटाने दाखवून, मग बोलून, मग काही नाही. आणि ती कमी करत न्यायची हे कायम डोक्यात ठेवा, नाहीतर मूल तुमच्या बोटाची वाट बघत बसतं आणि आपल्याला वाटतं येतंय याला. रोज वहीत एक खूण करा, हात धरला तर एक खूण, बोललो तर दुसरी, आपोआप केलं तर तिसरी, महिन्याने त्या खुणा बघितल्या की पुढे सरकलंय का अडलंय ते स्वच्छ दिसतं, वेगळा रिपोर्ट लिहायची गरज उरत नाही.

आपल्याकडे वर्ष सलग नसतं हे आयईपीत धरा. धडगाव, अक्कलकुवा भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, मुलं पण जातात. अशा मुलाचं मोठं उद्दिष्ट दिवाळीच्या आत संपेल असं बसवा आणि जाताना आईला एका कागदावर चार चित्रं काढून द्या, रोज एवढं करून घ्या म्हणून. औषधाची चिठ्ठी आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, झेरॉक्स त्याच पिशवीत. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा आणि भुसावळचं ऊन, तेव्हा नवीन काही सुरू करू नका, जे आलंय ते पक्कं करा. श्रवणयंत्रं घामाने ओली होतात, रोज काढून पुसायला शिकवा, बॅटरी काढून ठेवायला शिकवा, हे पण अभ्यासक्रमातच धरा.

वर्तनाच्या अडचणी

चावतो, ओरडतो, पळून जातो, स्वतःला मारून घेतो. नवीन शिक्षकाला इथेच रडू येतं. तीन रकाने आखा, आधी काय झालं, मग मुलाने काय केलं, मग लोकांनी काय केलं. आठ-दहा दिवस फक्त लिहा. बहुतेक वेळा कारण चारपैकी एक निघतं, काहीतरी हवंय, कामातून सुटायचंय, लक्ष हवंय, किंवा अंगालाच ते बरं वाटतंय.

एक मुलगी होती ऑटिझमची, बोलत नव्हती. दुपारी ठराविक वेळी मनगट चावून घ्यायची, वळ उठायचे. सगळे म्हणायचे अंगात येतं, उन्हाचं होतं. रकाने भरल्यावर दिसलं की शाळेत खिचडीची फोडणी बसली की पाच मिनिटांत हे सुरू होतं आणि ताट पुढे आलं की थांबतं. पोरीला भूक लागायची, वास यायचा आणि सांगता येत नव्हतं, बस. ताटाचा फोटो काढून लॅमिनेट करून तिच्या गळ्यात अडकवला, चावायला हात गेला की तो फोटो तिच्या हाताने माझ्या हातात द्यायचा, मी म्हणायचे, माले भूक लागनी, आणि लगेच दोन घास. लगेच म्हणजे लगेच, पोषण आहाराच्या ताई पण यात सामील होत्या. काही आठवड्यांनी ती स्वतः फोटो आणून द्यायला लागली, मग थोडं थोडं थांबायला शिकवलं. मारून, दटावून, हात बांधून हे झालं नसतं. मुलाला मारणं कायद्यानेच बंद आहे, आणि जे मूल सांगू शकत नाही त्याला मारणं तर फार वाईट.

फिट आली तर काय करायचं हे शाळेतल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा, शिपाईदादांना पण. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवत बसू नका. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागून एक यायला लागल्या की १०८. घरचे भगताकडे जात असतील तर त्यावरून भांडू नका, जा म्हणावं पण गोळी एक दिवस पण चुकवू नका. भांडलात तर मूल शाळेतूनच काढून नेतात आणि गोळी पण बंद होते.

सिकलसेल

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी भागात, भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार पुष्कळ आढळतो. या मुलांची बुद्धी सहसा चांगली असते, दिसायला काही कळत नाही, फक्त मधूनमधून हातपाय-पोट भयंकर दुखतं आणि शाळा बुडते. साध्या वर्गातल्या शिक्षकांना ते आळशी वाटतं. विशेष शिक्षक म्हणून आपण मध्ये पडायचं. पाण्याची बाटली बाकावर, कधीही पाणी प्यायची आणि लघवीला जायची मुभा, उन्हात पळायची सक्ती नाही, थंडीत गार पाण्यात भिजवणं नाही, ताप आला की घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना. बुडालेल्या अभ्यासाचे छोटे संच तयार ठेवायचे, गैरहजेरीवरून वर्गात बोलणी खाऊ द्यायची नाहीत.

साध्या वर्गातले शिक्षक

समावेशित शिक्षणात निम्मं काम मोठ्यांबरोबर असतं. गुरुजींच्या वर्गात दोन इयत्ता एकत्र, वर ऑनलाइन माहिती भरायचा ताण, त्यात तुम्ही जाऊन कायदा सांगायला लागलात तर दार बंद. एकच सोपी गोष्ट सांगा जी उद्या करता येईल. याला फळ्याजवळ बसवा, खिडकीकडे पाठ करून. याला दहा गणितं नको, तीन द्या, त्याच प्रकारची. सूचना एका वेळी एकच द्या. ते जमलं की पुढच्या भेटीत दुसरी.

परीक्षेच्या सवलतींचं मात्र तुम्हीच लक्ष ठेवा. लेखनिक, तासाला २० मिनिटं जास्त वेळ, अशा सवलती बोर्डाकडून मिळतात पण अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो आणि सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दहावीच्या डिसेंबरमध्ये धावपळ करून उपयोग नाही, आठवी-नववीतच प्रमाणपत्र हातात हवं. अध्ययन अक्षमतेची मुलं तर इथे सर्रास सुटतात, कारण ती हुशार बोलतात आणि वाचता येत नाही म्हणून मार खातात.

पालक आणि कागदपत्रं

पालकांना पहिल्या भेटीत काय येत नाही याची यादी वाचून दाखवू नका, ते दहा जणांकडून ऐकून आलेले असतात. आधी त्याला काय येतं ते सांगा, मग एकच काम घरी द्या.

आणि कागदं करून द्या, हे आपल्या जॉब चार्टमध्ये नसलं तरी करा. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा अर्ज, सिव्हिलला तपासणीची तारीख, लहान मुलांचं प्रमाणपत्र ठराविक मुदतीचं असेल तर ती संपायच्या आत पुन्हा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षातून मुलींना महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, शिवाय गरजेप्रमाणे प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता. व्हीलचेअर, श्रवणयंत्र, बौद्धिक अक्षमतेच्या मुलांचं शिकायचं किट एडिप योजनेतून, त्याची शिबिरं लागतात तेव्हा पालकांना आदल्या दिवशी फोन करा, वाड्यापाड्यावरून यायचं तर पहाटेची गाडी पकडावी लागते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता या चार प्रकारांना निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, यात थेरपीचा खर्च पण बसतो.

मूल १८ चं होणार असेल तर सतरावं लागल्यावरच आईवडिलांना बोलवा. या चार प्रकारच्या मुलांसाठी १८ नंतर कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे. बँकेत खातं, जमिनीचा हिस्सा, शस्त्रक्रियेची सही, सगळं यावर अडतं. आईवडील म्हणतील आम्ही आहोत ना. आहात, पण तुमच्यानंतर कोण हे नाव याच अर्जाच्या वेळी घरात बसून ठरवा, भावाचं, बहिणीचं, जे कोणी मनापासून तयार असेल त्याचं. आणि विशेष शाळा १८ ला संपते, त्यामुळे मोठ्या दिव्यांगांना काम देणाऱ्या कार्यशाळेत जागा आहे का, नाहीतर घरच्या शेतात, दुकानात, पापड-शेवयांच्या घरगुती कामात त्याला कोणतं एक काम पूर्णपणे स्वतःचं म्हणून देता येईल, हे चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून आयईपीत लिहायला लागा आणि त्या कामाचे तुकडे पाडून शिकवायला घ्या.